सकाळचा ग्लास आणि अकराची भूक

पत्र : मी ४२ वर्षांची, मुलुंडला राहते, नोकरी फोर्टात. सकाळी ७.४० ला घर सोडावं लागतं. दोन महिन्यांपासून नाश्त्याऐवजी स्मूदी घेते. त्यात दोन केळी, एक चिकू, चार खजूर, दोन चमचे मध, पेलाभर पॅकेटमधला संत्र्याचा रस, चार भिजवलेले बदाम आणि मूठभर कच्चा पालक असतो. एवढं पिऊनही अकराला इतकी भूक लागते की डोकं भणभणतं आणि वजनही दोन किलोनं वाढलं आहे. मला थायरॉईडची गोळी चालू आहे. मिस्टरांचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी रक्तसाखरेची तपासणी) ६.१ आलंय, त्यांनाही हाच ग्लास देते. मुलगा १५ वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो, त्याला प्रोटीन पावडर हवी आहे. सासूबाई म्हणतात, दूध आणि फळ एकत्र करू नये. चिया, ब्लूबेरी, बदामाचं दूध यांवर महिन्याला बराच खर्च होतो. नेमकं काय घालावं? आणि रात्रीच करून ठेवलं तर चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर :

तुमच्या ग्लासातला एकही पदार्थ स्वतंत्रपणे वाईट नाही. पण सगळे मिळून काय होतं ते मोजून पाहू. दोन केळ्यांत सुमारे २५ ग्रॅम साखर, चिकूत १२ च्या आसपास, चार खजुरांत २०, दोन चमचे मधात १२ आणि २०० मिली रसात २० ग्रॅम. बेरीज ८५-९० ग्रॅमवर जाते. कॅलरी सुमारे ५०० आणि प्रथिनं जेमतेम ५ ग्रॅम. चार बदामांवर तुमचा भरवसा असेल, पण चार बदाम म्हणजे एकच ग्रॅम प्रथिन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. त्यातली सकाळची वाटणी १५ ते २० ग्रॅम असायला हवी आणि तुम्हाला मिळतात पाच. अकराला डोकं भणभणतं ते यामुळे. साखर भराभर रक्तात येते, तिला धरून ठेवायला प्रथिन नाही, पुरेसा स्निग्धांश नाही, आणि घोटाघोटानं पिऊन टाकल्यामुळे चावून खाल्ल्यावर येणारी तृप्तीही नाही.

म्हणून पहिला बदल क्रमाचा करा. आत्ता तुम्ही फळांपासून सुरुवात करता आणि उरलेल्या जागेत बाकीचं घालता. यापुढे आधी प्रथिन ठरवा, मग दाणे-बिया, मग पातळ करायला काय ते, आणि फळ सर्वांत शेवटी, तेही एकच आणि १०० ग्रॅमच्या आत. मध, गूळ, खजूर आणि पॅकेटमधला रस पूर्ण बंद. ‘पण मध नैसर्गिक आहे’ असं मनात येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनांमध्ये मध आणि फळांचा रस या दोन्हींतली साखर वरून घातलेल्या साखरेतच धरली आहे आणि ती दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम, असं म्हटलं आहे. अख्ख्या फळातली साखर त्यात धरत नाहीत, कारण तिच्याबरोबर चोथा येतो. मिक्सरमध्ये हा चोथा बारीक होतो, पण राहतो. रस गाळला की तो जातोच.

आता प्रथिनाचं. मुंबईत सहज मिळणारं आणि रोज परवडणारं प्रथिन म्हणजे दही, शेंगदाणे आणि फुटाणे. साध्या दह्यात १०० ग्रॅमला ३ ते साडेतीन ग्रॅम प्रथिन असतं. तेच दही बांधून चक्का केला तर ८ ते १० ग्रॅमपर्यंत जातं. रात्री अर्धा किलो दही मलमलच्या फडक्यात बांधून गाळणीत ठेवा, गाळणी पातेल्यावर, आणि पातेलं फ्रिजमध्ये. मुंबईच्या उकाड्यात ओट्यावर टांगलेला चक्का सकाळपर्यंत आंबट ढोण होतो, मग साखर घालायचा मोह होतो. अर्धा किलोत साधारण २०० ग्रॅम चक्का निघतो. खाली गळलेलं पाणी टाकू नका, थालीपिठाचं पीठ भिजवायला घ्या.

फुटाणे सालासकट, बिनमिठाचे आणि हळद न लावलेले घ्या. २० ग्रॅमला सुमारे ४ ग्रॅम प्रथिन, शिवाय सालाचा चोथा. दुकानात ‘सातूचं पीठ’ मागू नका. आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू आणि डाळं असतं, पुष्कळदा साखर-वेलचीही. बिहारी सत्तू निव्वळ भाजलेल्या हरभऱ्याचा असतो, तो मिळाला तर चालेल. पण घरी फुटाणे दळणं याहून सोपं आणि स्वस्त आहे. शेंगदाण्यांत १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिन असतं. दाणे निवडताना सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा काढून टाका. दमट हवेत शेंगदाण्यावर बुरशी येते आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, घरच्या भाजण्यानं पुरतं नाहीसं होत नाही. पावसाळ्यात दाण्यांचा डबा फ्रिजमध्येच हवा.

जवसाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक महागड्या चियाकडे धावतात आणि चटणीतलं जवस विसरतात. वनस्पतीतून मिळणारं ओमेगा-३ जवसात भरपूर असतं. एक सपाट पोह्याचा चमचा जवसपूड, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, यात दीड ग्रॅमच्या वर. पण अख्खं जवस गिळलं तर ते तसंच बाहेर पडतं, दळायलाच हवं. आणि दळलं की त्यातलं तेल हवेला उघडं पडतं, आठ-दहा दिवसांत खवट वास येऊ लागतो. मंद आचेवर तडतडेपर्यंत दोनेक मिनिटं भाजा, पूर्ण गार करा, मग दळा. गरम दळलं तर पूड भांड्याला चिकटून लगदा होतो. स्मूदी विनाकारण कडू लागली तर आधी जवसाचा डबा हुंगून पाहा.

या तिन्हींचं एक आठवड्याचं मिश्रण रविवारी करून ठेवा. एका माणसाला सहा दिवसांसाठी फुटाणे १२० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे ९० ग्रॅम, भाजलेलं जवस ४० ग्रॅम. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात आधी फुटाणे एकटे दळा, मग त्यात दाणे आणि जवस घालून थांबून-थांबून फिरवा. दाणे एकटे दळले तर तेल सुटून गोळा होतो, फुटाण्याचं पीठ ते तेल धरून ठेवतं. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. एका ग्लासाला ४० ग्रॅम. पहिल्या दिवशी काट्यावर मोजा आणि घरातल्या कुठल्या वाटीत ते कुठवर येतं ते बघून ठेवा, रोज काटा काढायला नको.

मग तुमचा सकाळचा ग्लास असा होईल : दही १५० ग्रॅम, टोन्ड दूध १०० मिली, हे मिश्रण ४० ग्रॅम आणि मोठं अर्धं केळं किंवा एक वेलची केळं. प्रथिन सुमारे १८ ग्रॅम, कॅलरी ४०० च्या आसपास, फळातली साखर १० ग्रॅमच्या आत. तुमच्या आजच्या ग्लासापेक्षा शंभर कॅलरी कमी आणि प्रथिन तिपटीहून जास्त. केळं किंचित घट्ट असतानाच वापरा. सालावर काळे ठिपके पडेपर्यंत त्यातल्या पिठूळ भागाची बरीचशी साखर झालेली असते.

दुधाच्या पिशवीत निवड करताना एवढं लक्षात ठेवा की टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, डबल टोन्डमध्ये दीड, फुल क्रीममध्ये ६. प्रथिन आणि कॅल्शियम तिन्हींत जवळपास सारखंच. तुम्हाला आणि मिस्टरांना टोन्ड, मुलाला हवं तर फुल क्रीम. बदामाच्या तयार दुधावरचा खर्च मात्र थांबवा. त्यात बदाम थोडे आणि पाणी फार. अख्ख्या पेल्यात एखादा ग्रॅम प्रथिन येतं. दूध पचत नसेल तरच पर्याय शोधावा, आणि मग सोया दूध प्रथिनाच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ जातं.

थायरॉईडच्या गोळीचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिला आहे, पण तो सर्वांत आधी सांभाळा. ती गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, काही खायचं-प्यायचं नसतं. चहासुद्धा नाही. दूध, दही, सोया यांमुळे गोळी नीट शोषली जात नाही. ७.४० ला निघायचं तर गोळी साडेसहाला आणि ग्लास साडेसातला, असं बसवा. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. आत्तापर्यंत गोळी आणि ग्लास पाठोपाठ होत असतील तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तसं सांगा, कारण वेळ बदलली की रिपोर्टही बदलू शकतो आणि मात्रा त्यावरच ठरते.

मिस्टरांचं ६.१ हे ५.७ ते ६.४ या पट्ट्यात येतं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्यांना तुमचा आजचा ग्लास उद्यापासून देऊ नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. त्यांच्यासाठी चक्का १०० ग्रॅम, फुटाण्याची पूड २० ग्रॅम, जवसपूड ७ ग्रॅम, पाणी १५० मिली, चिमूटभर दालचिनी, आणि फळ म्हणून अर्धा पेरू, सालासकट. खरं तर पेरू मिक्सरमध्ये न घालता शेजारी कापून ठेवलात तर अधिक चांगलं. चावून खाल्लेलं फळ हळू पोटात जातं आणि पोट भरल्याची जाणीवही वेळेवर होते. चिकू, सीताफळ, हापूस ही फळं त्यांना कायमची बंद नाहीत, पण ती ग्लासात नकोत, जेवणानंतर लगेचही नकोत. दोन फोडी, मोजून, चावून. घरी ग्लुकोमीटर असेल तर नवीन ग्लासाच्या आधी आणि पहिल्या घोटानंतर दोन तासांनी एकदा साखर तपासा. कोणतं फळ त्यांना किती मानवतं हे त्यातून स्पष्ट कळेल आणि डॉक्टरांनाही ते आकडे उपयोगी पडतील.

मुलाला पावडर नको. १५ वर्षांच्या, नीट जेवणाऱ्या मुलाची गरज घरच्या अन्नातून पूर्ण होते. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या आहारसूचनांमध्येही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळाव्यात असंच म्हटलं आहे. त्याला सरावानंतर दूध २०० मिली, एक अख्खं केळं, शेंगदाणे २५ ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या मूठभर, म्हणजे २० ग्रॅम, असा ग्लास द्या. १५ ग्रॅमच्या वर प्रथिन जातं आणि खेळून आल्यावर लागणारी पिष्टमय ऊर्जाही. लाह्या भिजवाव्या लागत नाहीत, ओट्स मात्र दहा मिनिटं दुधात भिजवून घ्या, नाहीतर तळाशी वाळूसारखे लागतात. नाचणीचं कच्चं पीठ कोणाच्याच ग्लासात घालू नका. कच्चं पीठ पचायला जड असतं आणि भाजलं-शिजलं नसल्यानं जंतूंचा धोकाही राहतो. नाचणी घालायची तर सत्व शिजवून, गार करून दोन चमचे. शिवाय त्याच्या ताटात डाळ, उसळ, आणि चालत असेल तर अंडी-मासळी हवीच. अंडं उकडून. कच्चं अंडं स्मूदीत फोडण्याची पद्धत व्यायामशाळांमधून पसरते. त्यात साल्मोनेला या जंतूचा धोका आहे, आणि अंडं शिजवलेलं असलं तर त्यातलं प्रथिन जास्त चांगलं पचतं.

पालकाबद्दल. कच्चा पालक रोज घालण्याला आमचा विरोध आहे, आणि कारणं दोन. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. ते मूत्रपिंडात कॅल्शियमला धरून खडा बनवतं. ज्यांना कधी मुतखडा झालाय किंवा घरात कोणाला होता, त्यांनी पालक स्मूदीत घालूच नये. दुसरं, पालेभाजी कुठल्या पाण्यावर वाढली ते मुंबईत विकत घेणाऱ्याला कळायचा मार्ग नाही, आणि जून ते सप्टेंबर तर पानापानावर चिखल असतो. घालायचाच असेल तर आठवड्यातून दोनदा, तीन-चार वेळा पाणी बदलून धुतलेला, उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून काढलेला. ते पाणी फेकून द्या, कारण विरघळलेलं ऑक्झलेट त्यातच जातं. दह्याबरोबर घेतला तर दह्यातलं कॅल्शियम उरलेलं ऑक्झलेट आतड्यातच पकडतं, ही जमेची बाजू. पण तेच कॅल्शियम लोहाच्या शोषणात आड येतं. म्हणून ‘पालक घातला, लोह मिळालं’ असा हिशोब धरू नका. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी घरात कोणाला असेल तर पालेभाजीचं प्रमाण डॉक्टरांना न विचारता अचानक वाढवायचं नाही, कारण के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं.

लोह हवं असेल तर त्याचा ग्लास वेगळा, बिनदुधाचा. एक चहाचा चमचा हळीव अर्धी वाटी पाण्यात दोन तास भिजवा, फुगून बुळबुळीत होतील. त्यात अर्धा आवळा किंवा पेरूचा पाव भाग, थोडं आलं आणि पाणी घालून फिरवा. आवळ्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं. पेरूतही संत्र्याच्या काही पट क असतं, हे आपल्याकडे फारसं कोणी लक्षात घेत नाही. हा ग्लास संध्याकाळी पाचच्या सुमाराला घ्या. त्याच्या मागेपुढे तासभर चहा-कॉफी नको, चहातलं टॅनिन लोह अडवतं. गरोदरपणात हळीव टाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती पाळलेली बरी.

दुधी आणि काकडी घालणाऱ्यांसाठी एक इशारा, तुम्ही विचारला नाहीत तरी. कापल्यावर आधी एक छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर तो थुंका आणि अख्खा दुधी कचऱ्यात टाका. मीठ-लिंबू घालून, मध घालून चव झाकू नका. कडूपणा क्युकरबिटासिन या विषारी द्रव्यामुळे येतो. कडू दुधीच्या रसानं आपल्या देशात माणसं दगावली आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं त्याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे. असा रस प्यायल्यावर उलट्या, पोटात कळा, रक्ताची उलटी असं काही झालं तर वाट न बघता इस्पितळात जायचं.

सासूबाईंचं म्हणणं आयुर्वेदातल्या विरुद्ध आहाराच्या कल्पनेतून येतं. आधुनिक आहारशास्त्राला दूध-केळं एकत्र घेण्यात अपाय दिसलेला नाही आणि केळ्याचं शिकरण तर आपल्या घराघरांत पिढ्यानपिढ्या खाल्लं जातं. पण घरात कुणाला ते पटत नसेल तर वाद घालायची गरज नाही. त्यांच्यासाठी फळाविनाच ग्लास करा. पातळ ताक २०० मिली, फुटाण्याची पूड दोन पोह्याचे चमचे, चाखून घेतलेली अर्धी काकडी, पुदिन्याची आठ-दहा पानं, भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ अगदी बेतानं, रक्तदाब असेल तर नकोच. फळ तासाभरानं वेगळं खायचं. उन्हाळ्यात हा खारा ग्लास घरातल्या सगळ्यांनाच गोडापेक्षा अधिक आवडेल, असा आमचा अंदाज आहे.

मात्र काही फळं आणि दूध यांचं खरोखरच जमत नाही, आणि त्याचं कारण फळातल्या रसायनात आहे. अननस, किवी आणि कच्ची पपई यांत प्रथिन तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. ती दुधातल्या प्रथिनाचे तुकडे करतात आणि दहा-पंधरा मिनिटांत ग्लास कडू होतो. दूध खराब नव्हतं, फळानं ते कडू केलं. अननसाच्या फोडी दोन-तीन मिनिटं वाफवल्या की विकर मरतं, मग चालतात. पिकलेल्या पपईत ते बरंच कमी असतं, तरी केल्या केल्या प्यावी. संत्रं, मोसंबी, आवळा यांच्या आंबटपणानं दूध फाटतं. ते विषारी होत नाही, पण चोथापाणी दिसतं. आंबट फळ नेहमी दह्यात घाला, दही आधीच विरजलेलं असल्यानं तिथं फाटण्याचा प्रश्न येत नाही.

ब्लूबेरीऐवजी काय, तर हंगाम बघा. मे-जूनमध्ये बदलापूर-बहाडोलीची जांभळं येतात, त्याच सुमारास करवंदं. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. थंडीत आवळे. पेरू तर वर्षातले कित्येक महिने. जांभळाचा तो जांभळा रंग ज्या द्रव्यांचा, त्याच जातीची द्रव्यं ब्लूबेरीत असतात, आणि लोक ब्लूबेरीला पैसे मोजतात ते त्यांच्यासाठीच. जांभळं धुवून, हातानं बिया काढून गर पसरट डब्यात गोठवा, वडी पाडून पिशवीत भरा. दोन-तीन महिने छान राहतात. स्ट्रॉबेरी देठ काढून, धुवून, फडक्यावर पूर्ण कोरडी करून आधी ताटलीत सुटी-सुटी गोठवा, मग एकत्र भरा. ओली भरली तर दगडासारखा एकच गोळा होतो आणि तो फोडताना मिक्सरचं पातं जातं. एक बारीकशी गोष्ट : २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं की बेरीसारख्या फळांतली फ्लॅव्हॅनॉल नावाची द्रव्यं केळ्याबरोबर फिरवली तर शरीरात ८४ टक्के कमी पोहोचतात. कापलेलं केळं ज्या विकरानं काळं पडतं, त्याचा हा परिणाम. अभ्यास मोजक्या लोकांवरचा असला तरी सल्ला पाळायला सोपा आहे. स्ट्रॉबेरी, द्राक्षं, सफरचंद किंवा कोको असेल त्या दिवशी केळं नको, दाटपणाला चक्का वापरा.

चिया घरात आहेच तर संपवा, फेकू नका. एक पोह्याच्या चमच्याला अर्धा ते पाऊण पेला पाणी आणि वीस मिनिटं. कोरडा चिया घशात फुगून अडकू शकतो. पुढच्या वेळी सब्जा आणा. फालुद्यातला तोच. दहा-पंधरा मिनिटांत फुगतो, चोथा चांगला देतो आणि स्वस्त आहे. ओमेगा-३ साठी जवस आहेच.

आता रात्री करून ठेवण्याचं. पूर्ण फिरवलेला ग्लास रात्री करू नका. केळं काळं पडतं, जवसामुळे सकाळी खळ झालेली असते, आणि चव गेली की मध आठवतो. त्याऐवजी रात्री एका डब्यात मोजलेलं फळ चकत्या करून फ्रीजरमध्ये, दुसऱ्यात मोजलेलं दही. बरणी तयारच आहे. सकाळी तीन मिनिटांचं काम उरतं. केळं सोलूनच गोठवा, सालासकट गोठवलेलं केळं सकाळी सुरीलाही दाद देत नाही. गोठवलेल्या फळामुळे बर्फ लागत नाही. पावसाळ्यात बाहेरच्या बर्फाचा तर विचारही नको. घरी बर्फ करायचाच तर उकळून गार केलेल्या पाण्याचा.

ग्लास गाडीत न्यायचा असेल तर स्टीलचा थर्मास रात्रभर रिकामा, झाकण काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गार स्मूदी त्यात भरा. साध्या बाटलीत दूध-दही दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही आणि मे महिन्यात, पारा ३२ च्या वर असताना, एका तासाच्या वर नाही. विसरून दुपारपर्यंत राहिलेली बाटली वास घेऊन ठरवायची नसते. ओतून टाका. बंद बाटलीत आंबून दाबही धरतो, झाकण उघडताना उसळते. आमच्या मते मात्र घरीच, बसून, पाच-सात मिनिटं घेऊन, चमच्यानं खाल्लेला ग्लास गाडीतल्यापेक्षा जास्त वेळ पोट धरून ठेवतो.

मिक्सरमध्ये घालायचा क्रम : आधी दूध-दही, मग मऊ फळ, त्यावर पूड, गोठवलेलं सर्वांत वर. पूड तळाशी घातली तर पात्याखाली चिकटून बसते आणि वर नुसतं पाणी फिरतं. भांडं दोन-तृतीयांशच भरा. आधी तीन-चार झटके, मग सलग चाळीस सेकंद, पुरे. दोन मिनिटं फिरवलं तर गरम होतं आणि फेस येतो, त्या फेसाच्या हवेनंच काहींचं पोट फुगतं. झाकणातलं रबर आठवड्यातून एकदा काढून सोड्याच्या पाण्यात धुवा. लसणाचा वास येतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

पहिल्या आठवड्यात मिश्रण ४० ऐवजी २० ग्रॅमच घ्या आणि दिवसभरात पाणी वाढवा. चोथा एकदम वाढला की गॅस होतो आणि माणसं दोष दह्याला देतात. दुसऱ्या आठवड्यात ३०, तिसऱ्यात ४०. घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांच्यासाठी यातलं काहीच आपल्या मनानं सुरू करू नका. केळं, शहाळं, दाणे यांतलं पोटॅशियम आणि जास्तीचं प्रथिन, दोन्ही त्यांना डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापातच घ्यायचं असतं.

तिसऱ्या आठवड्यानंतरही अकराला भूक लागलीच तर ग्लासात दुसरं केळं घालू नका. पर्समध्ये मूठभर फुटाणे ठेवा आणि ते चावून खा.